बोअरची जागा कोणी ठरवायची?

लालबाग-परळच्या चाळींत आणि गिरगावच्या वाड्यांत पाण्याचा विषय निघाला की एक सूचना हमखास पुढे येते : नळाचे पाणी पुरत नाही, तेव्हा आवारात विंधनविहीर, म्हणजे रोजच्या भाषेतील बोअर, घ्यावी. यावर एकमत लवकर होते. ती कोठे घ्यावी, हा प्रश्न मात्र पाणाड्याच्या तळहातावरील नारळावर किंवा खोदाईची गाडी चौकात कोठे उभी राहील यावर सोपविला जातो. वर्गणी रहिवाशांची आणि निर्णय मात्र भलत्याचाच, असा हा व्यवहार आहे.

मुंबईच्या पोटात बहुतांशी काळा कातळ आहे. अखंड कातळात पाणी राहत नाही. ते राहते वरच्या मुरमात, कातळाच्या भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधील सांध्यात. म्हणूनच एका जागी पाणी लागते आणि वीस पावलांवर नुसती धूळ उडते. जमिनीत वीजप्रवाह सोडून तिचा रोध मोजला म्हणजे या थरांचा अंदाज येतो. पण दाट वस्तीत तारा पसरायला मोकळी जागा नसते आणि पुरलेले नळ व केबली ते मापनही बिघडवितात. अशा वेळी भरवशाचा आधार एकच, आसपासच्या जुन्या विहिरींची व बोअरची माहिती. ती एका चाळीजवळ असणार नाही. ती साऱ्या विभागाची मिळूनच असते.

शिवाय पाणी लागले म्हणजे जागा योग्य ठरली, असे नव्हे. हे शहर भराव घालून जोडलेल्या बेटांचे आहे. किनाऱ्यालगत बेसुमार उपसा झाला की खारे पाणी आत सरकते. जुन्या मलवाहिन्यांची गळती बोअरमध्ये उतरण्याचा धोका असतो, आणि जीर्ण भिंतींच्या पायाशी खोदाई करणे म्हणजे तहान भागविताना छप्पर गमावण्याची तयारी करणे होय.

मुंबईला हे शहाणपण नवे नाही. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर १७२५ पासून समुद्राच्या सान्निध्यात गोडे पाणी देत आली आहे. धोबी तलाव आणि सी. पी. टँक ही नावे उरली, तलाव बुजले. १९११ च्या हिवतापविषयक अहवालाने डासांच्या पैदाशीचा ठपका विहिरींवर ठेवला आणि पुढे कित्येक विहिरी बुजविल्या वा झाकल्या गेल्या. रोगाचे भय खरे होते. पण झाकलेली विहीर मेलेली नसते. नवे भोक पाडण्यापूर्वी आवारातील जुनी विहीर शोधून ती उपसून पाहणे, हा पहिला नियम असावयास हवा.

खरा प्रश्न मात्र मालकीचा आहे. जमिनीवर कुंपण घालता येते, भूजलावर नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे चढले. अशा मनोऱ्याने खोलवर पंप लावला तर शेजारच्या चाळीच्या विहिरीचे पाणी न विचारता उचलले जाऊ शकते. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या परवान्यांवरून टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा शहराच्या पोटातील पाण्याचा किती मोठा व्यापार चालतो, हे साऱ्यांना दिसले.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक विभागातील विहिरी व बोअर यांची नोंद, म्हणजे खोली, पाण्याची पातळी, खारेपणा आणि उपसा, महापालिकेने जनतेपुढे खुली करावी. चाळींना जागा दाखविण्यासाठी भूवैज्ञानिकाचा सल्ला सार्वजनिक खर्चाने मिळावा. दोन-चार चाळींनी मिळून एकच बोअर घ्यावी, ते पाणी धुण्यासाठी व संडासासाठी वापरावे आणि छपरावरील पाऊस तिच्या आसपास जिरवावा.

एक इशाराही दिला पाहिजे. चाळीत बोअर आहे, या सबबीवर नळाच्या पाण्यात कपात होता कामा नये. तानसा-वैतरणेच्या पाण्यावर मनोऱ्यातील कुटुंबाचा जेवढा हक्क आहे, तेवढाच दहा बाय बाराच्या खोलीतील कुटुंबाचाही आहे. बोअर ही त्या हक्काला पुरवणी आहे, पर्याय नव्हे. चौकात खोदाईची गाडी बोलावण्यापूर्वी रहिवाशांनी विभाग कार्यालयात जाऊन हे दोन्ही हिशेब मागावेत : भूमीखालच्या पाण्याचा आणि नळातल्या पाण्याचाही.