खेळण्यांच्या नावानं चांगभलं

एका निमसरकारी कार्यालयातल्या सिस्टिम ॲडमिनने या आठवड्यात या स्तंभाकडे एक छायाप्रत पाठवली आहे. कार्यालयातल्या सर्व्हरांची यादी आणि समासात लेखापरीक्षकाचे शेरे. एका ओळीत 'डेबियन १३, ट्रिक्सी' आहे. त्यापुढे शेरा : 'टोपणनाव वगळून अधिकृत नाव लिहावे.' खालच्याच ओळीत 'बॉस ९, ऊर्जा' आहे. त्यापुढे बरोबरची खूण. सरकारी नामकरणाच्या हौसेवर या स्तंभाने आजवर जी बोटे मोडली, त्यांना इतका नेटका पुरावा कधी मिळाला नव्हता.

ट्रिक्सी हेच अधिकृत नाव आहे. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन या लिनक्स प्रणालीने तेरावी आवृत्ती जाहीर केली ती याच नावाने. 'टॉय स्टोरी ३'मधली निळी ट्रायसेराटॉप्स म्हणजे ट्रिक्सी. तिच्याआधीचा बुकवर्म ही त्याच चित्रपटातली विजेरीवाली अळी, त्याआधीचा बुल्सआय हा वुडीचा घोडा, त्याआधीचा बस्टर हे अँडीच्या घरचे कुत्रे. १९९६पासून एकही आवृत्ती या गोतावळ्याबाहेर गेलेली नाही. त्या वर्षी प्रकल्पाची सूत्रे ब्रूस पेरेन्स यांच्याकडे आली आणि पेरेन्स नोकरीला होते पिक्सारमध्ये. पिक्सारचा 'टॉय स्टोरी' नुकताच, नोव्हेंबर १९९५मध्ये, पडद्यावर आला होता. जूनमध्ये बझ निघाला, डिसेंबरमध्ये रेक्स.

एवढ्यावर 'पोरखेळ' म्हणून हात झटकणाऱ्यांनी त्याआधीची हकिकत वाचावी. १९९५च्या अखेरीस सीडी विकणाऱ्या एका कंपनीने डेबियनचे अर्धवट झालेले काम उचलले आणि 'डेबियन १.०' म्हणून विकायला काढले. प्रकल्पाला जाहीर खुलासा करावा लागला. खरी आवृत्ती आली ती १.१ म्हणून, १.० कधी निघालीच नाही. काम चालू असताना फोल्डरवर आकडा लिहायचा नाही, हा त्यातला धडा. आकडा दिसला की लोक पक्का माल समजतात. 'बझ' लिहिलेले फोल्डर पाहून सीडी छापायला घेण्याची घाई कुणी करत नाही.

दुसरे कारण आणखी रुक्ष आहे, म्हणून जास्त पटणारे. डेबियनच्या प्रती जगभरच्या मिरर सर्व्हरांवर असतात. आवृत्ती तयार झाली म्हणून तिचे फोल्डर एका जागेवरून दुसरीकडे हलवले, तर प्रत्येक मिररला सगळा माल पुन्हा उतरवून घ्यावा लागे. म्हणून फोल्डर जन्मापासून एकाच नावाने राहते आणि 'स्टेबल' ही पाटी तेवढी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. ज्या शाखेत रोज नवे पॅकेज येऊन आदळते आणि जी कधीच स्थिर होत नाही, तिचे नाव कायमचे सिड : शेजारचा, खेळणी मोडणारा मुलगा. धोक्याची इतकी नेमकी सूचना या स्तंभाने कोणत्याही परिपत्रकात वाचलेली नाही.

आता लेखापरीक्षकाचे ऐकून ॲडमिनने केवळ यादीतले नव्हे, सर्व्हरच्या सेटिंगमधलेही 'ट्रिक्सी' खोडले आणि 'स्टेबल' हा सभ्य शब्द घातला, तर काय होईल? आज काहीच नाही. पण ज्या दिवशी चौदावी आवृत्ती जाहीर होईल, त्या दिवशी 'स्टेबल'चा अर्थ बदलेल आणि तो सर्व्हर कुणी न सांगता नव्या आवृत्तीकडे बोट दाखवू लागेल. टोपणनाव यंत्राला जागेवर धरून ठेवते. सभ्य शब्द सरकतो.

खरी गंमत खालच्या ओळीत आहे. बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स, ही सीडॅकची प्रणाली. सीडॅकचे मुख्यालय आपल्या पुण्यात. प्रणालीचा पाया डेबियनचा. म्हणजे टोपणनावाला नाक मुरडणाऱ्याने जिच्यापुढे बरोबरची खूण केली, तिच्या पोटातही पिक्सारचेच खेळणे आहे. वर मात्र नावे अशी : पाचवी अनोखा, सहावी अनूप, सातवी दृष्टी, आठवी उन्नती, नववी ऊर्जा, दहावी प्रज्ञा. सहावीला अनूप म्हटल्यावर सातवीची गरज का पडली, हे विचारायचे नाही.

या नावांत वाईट काय? एकही नाही, तीच अडचण. गावात पाच गणपत असले की पोस्टमनला ढोल्या गणपत आणि बुटका गणपत लागतात. बॉसच्या नावांत सगळेच नुसते गणपत आहेत. 'उन्नती' म्हणाल तर मनरेगाच्या मजुरांना कौशल्य शिकवणारा उन्नती प्रकल्प आहे आणि ईशान्य भारताच्या उद्योगांसाठी २०२४ची उन्नती योजनाही आहे. 'ऊर्जा' म्हणाल तर ऊर्जा गंगा ही गॅसवाहिनी आहे, शिवाय सौरपंपांच्या 'कुसुम'च्या पोटात एक ऊर्जा दडलेली आहेच. ते अख्खे नाव लिहायला दीड ओळ लागते आणि ते फुलासाठी ओढूनताणून जमवले आहे हे शेंबडे पोरही सांगेल. अशी नावे ठरवण्यासाठी बैठक बसते, बैठकीत चहा येतो आणि चहा संपेपर्यंत कुणाचाच आक्षेप न उरलेला शब्द मंजूर होतो, अशी या स्तंभाची जुनी खात्री आहे. ट्रिक्सीवर बैठकीत आक्षेप आला असता. म्हणूनच ते नाव दुसऱ्या कुणी घेतलेले नाही.

उदात्त नावांची टक्कर किती सहज होते, याचा नमुना 'माया'. लिनक्स मिंट आपल्या आवृत्त्यांना 'आ'कारान्त स्त्रीनामे देते. २०१२मधली तेरावी आवृत्ती माया, उबंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर उभी. ऑगस्ट २०२३मध्ये बातमी आली की संरक्षण मंत्रालयाच्या संगणकांवर विंडोजच्या जागी देशी प्रणाली येणार : नाव माया, पाया उबंटू. दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. उबंटूच्या एका आवृत्तीचे नाव वॉर्टी वॉरथॉग; असे दोन वॉरथॉग मात्र जगात निघणे शक्य नव्हते.

लेखापरीक्षकाच्या बाजूने एक गोष्ट बोलता येते. बस्टर आधी की ट्रिक्सी, हे नावावरून कळत नाही. उबंटूने यावर तोड काढली. ऑक्टोबर २००४मधल्या त्या वॉरथॉगनंतर दोन आवृत्त्या झाल्यावर, २००६च्या डॅपर ड्रेकपासून, नावे इंग्रजी वर्णानुक्रमाने लागली. २०१७मध्ये झेस्टी झापसवर अक्षरे संपली तेव्हा आर्टफुल आर्डवार्कपासून पुन्हा श्रीगणेशा झाला. शिवाय २४.०४ म्हटले की २०२४चा एप्रिल हे आकडाच सांगतो. आक्षेप रास्त आहे, पण मग तो ऊर्जेलाही लागू हवा. उन्नती आधी की प्रज्ञा, हे कोणत्या वर्णमालेतून ओळखायचे?

विनोद सगळीकडे पचतो असेही नाही. फेडोरा या आणखी एका लिनक्स प्रणालीने नावे मताला टाकली आणि नव्या नावाचा जुन्याशी धागा जुळला पाहिजे, अशी अट घातली. मतांवर निवडलेले बीफी मिरॅकल २०१२ साली निघाले, मग स्फेरिकल काउ, मग श्रोडिंगर्स कॅट, ज्यातल्या टिंबवाल्या 'ओ'ने आणि अपॉस्ट्रॉफीने साधी अक्षरे गृहीत धरणाऱ्या प्रोग्रॅमांची फजिती केली. २०१३च्या हायझेनबगनंतर फेडोराने नावेच बंद केली. अँड्रॉइडने २०१९मध्ये पाकिटावरची मिठाईची नावे काढली. जगभर सर्वांना ती नावे समजत नाहीत, असे कारण दिले. इंजिनिअर मंडळींनी आत मात्र तिरामिसू आणि बकलावा चालूच ठेवले. काम करणाऱ्याला नाव लागते, विकणाऱ्याला आकडा पुरतो.

आणि हलक्या नावाने काम हलके होते, या समजुतीला डेबियनने दोनदा उत्तर दिले आहे. पोटॅटो नावाची आवृत्ती २००० साली निघाली ती अवघ्या एकविसाव्या वर्षी गेलेल्या एका सहकाऱ्याच्या स्मृतीला अर्पण करून. बटाट्याच्या नावामुळे त्या अर्पणपत्रिकेचे वजन कमी झाले, असे कुणाला वाटले नाही. आणि २०१३मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या लॅपटॉपांतून विंडोज एक्सपी काढून डेबियन ६ घातले गेले, तेव्हा त्या आवृत्तीचे नाव होते स्क्वीझ : 'टॉय स्टोरी'तले तीन डोळ्यांचे हिरवे परग्रहवासी. त्यांची अंतराळात पाठवणी झाली आणि एकाही लेखापरीक्षकाने शेरा मारला नाही.

डेबियनची पुढची दोन नावे ठरून गेली आहेत. चौदावी फोर्की, म्हणजे फेकून देण्याच्या काटा-चमच्याला हात चिकटवून बॉनीने बनवलेले खेळणे. पंधरावी ड्यूक, मोटारसायकलवरचा कॅनडियन स्टंटबाज. पात्रे संपत आली म्हणून हळहळणाऱ्यांसाठी पिक्सारने पाचवा चित्रपटही जाहीर केलेला आहे. त्या काटा-चमच्यावर उद्या बॉसची एखादी आवृत्ती उभी राहिली, तर तिला कोणते भारदस्त नाव मिळेल? पैज लावायची असेल त्यांनी 'संकल्प'वर लावावी. 'समृद्धी' महामार्गाने आधीच नेली आहे.

— खटपट्या