वरचें नांव आणि आंतला शिक्का

ई-मेल हें साधन आतां आमच्या घराघरांत नित्याचें झालें आहे. परंतु त्याची पारख करण्याची संवय अद्यापि आमच्या अंगीं आलेली नाहीं, असें खेदानें म्हणावें लागतें.

मागें एका शिक्षकांस एका विद्यार्थ्याच्या नांवानें अत्यंत उद्धट ई-मेल आला. त्यांनीं तो आम्हांकडे फॉरवर्ड केला. नांव त्या मुलाचें, पत्ताहि त्याचाच. तेव्हां आम्हीं त्यास शिक्षा करण्याचें जवळजवळ ठरविलेंच. एसावाचीं वस्त्रें घालून याकोबानें अंध इसहाकास कसें फसविलें, हें आम्ही दरवर्षीं वर्गांत शिकवितों; पण प्रसंग येतांच आम्हीहि वरच्या वस्त्रासच भुललों!

ई-मेलवर प्रेषकाचें नांव व पत्ता लबाड मनुष्य हवा तो घालूं शकतो. पत्राच्या प्रवासाची हकीकत 'हेडर' नामक झांकलेल्या भागांत असते. वाटेंतील प्रत्येक सर्व्हर टपालाच्या शिक्क्याप्रमाणें 'रिसीव्हड' अशी ओळ वरच्या बाजूस जोडतो. म्हणून हा प्रवास खालून वर वाचावा. मात्र खालच्या ओळीहि बनावट असूं शकतात. आपल्या स्वतःच्या ई-मेल सेवेनें घातलेली ओळ तेवढी भरंवशाची. तीच सेवा एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तपासण्यांचा 'पास' किंवा 'फेल' असा निकालहि तेथें नोंदविते.

साधें फॉरवर्ड केल्यास मूळ हेडर गळून जातें. यास्तव ज्यास पत्र आलें त्यानेंच, जीमेल असल्यास संगणकावर तीन ठिपक्यांखालील 'शो ओरिजिनल' उघडून, सर्व मजकूर नकलून द्यावा; अथवा पत्र 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' या रीतीनें पाठवावें. त्या शिक्षकांनीं तसें केलें, तेव्हां डीमार्कचा निकाल 'फेल' दिसला व पत्र भलत्याच सर्व्हरावरून निघालेलें आढळलें. आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली.

तथापि 'पास' या शब्दानेंहि लिहिणाराचा हात सिद्ध होत नाहीं. पासवर्ड दुसऱ्यास ठाऊक असूं शकतो. तसेंच हेडरांत खाजगी माहिती असते. तें चौकशी करणारासच द्यावें, चारचौघांत फिरवूं नये.

शाळेच्या नांवानें फी मागणारें पत्र असो कीं मित्राच्या नांवानें आलेली शिवी असो, संपूर्ण हेडर पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत व कोणास दोषहि देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. दोन मिनिटांच्या आळसापायीं निरपराध मुलाच्या माथीं कलंक लागावा, हें ख्रिस्ती शाळेस तर नाहींच, पण कोणत्याहि सज्जनाच्या घरासहि शोभणारें नव्हे.