गल्लीतला मंडप, गल्लीतली माणसं

2025 च्या ऑगस्टमध्ये, गोकुळाष्टमीच्या शोभायात्रेत, हैदराबादच्या रामंतापूरला कृष्णाचा रथ विजेच्या तारेला लागला आणि पाच जणांचा जीव गेला. रामंतापूर आमच्या दिलसुखनगरपासून लांब नाही. मूसी नदी ओलांडली की अंबरपेट आणि पुढे तेच. दहा दिवसांवर गणपती आले होते. वस्तीत चर्चा झाली ती तारांची. मंडप कुठे असावा, मूर्ती किती उंच असावी, हे विषय कुणी काढले नाहीत. ते मी इथे काढतो आहे.

दिलसुखनगरचा मोठा रस्ता म्हणजे विजयवाड्याचा महामार्ग. मधोमध मेट्रोचे खांब, दोन्ही अंगांना कोचिंग क्लास, पुस्तकांचे ठेले, मुलामुलींची वसतिगृहं. आतल्या गल्ल्यांत विनायक चवितीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी पहारीने डांबर फोडून खड्डे घेतात, बांबू रोवतात, वर ताडपत्री ओढतात. दोन मोटारी जेमतेम जाणाऱ्या गल्लीत मग एका दुचाकीपुरती वाट उरते. मूर्ती सरूरनगरच्या तळ्याकडे निघाली की बांबू जातात. खड्डे मात्र तसेच, पाण्याने भरलेले. मी वर्गणी देतो, आरतीला टाळ घेऊन उभा राहतो. म्हणूनच त्या खड्ड्यात पाय मुरगळलेल्या शेजारीणबाईंपुढे मान खाली जाते.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. राज्यघटनेच्या 25व्या अनुच्छेदाने दिलेलं धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2016 साली बजावलं की ध्वनिक्षेपक लावणं हा कुणाचाही मूलभूत हक्क नाही आणि रहदारी अडवून मंडप घालण्याचा हक्कही कुणाला सांगता येत नाही. सार्वजनिक रस्त्यांवर आणि उद्यानांत नवं अनधिकृत प्रार्थनास्थळ उभं राहू देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच सांगितलं होतं, आणि त्यात देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा सगळे आले.

सण आणि सरकार यांचं नातं मात्र सगळीकडे सारखं नसतं. अमेरिकेत पिट्सबर्गच्या न्यायालयाच्या जिन्यावर मांडलेला येशूजन्माचा देखावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये घटनाबाह्य ठरवला. सरकारी वास्तूने एका धर्माला आपलं म्हटल्यासारखं दिसतं, हा आक्षेप होता. आपली रीत निराळी. तेलंगणाने बोनालू आणि बतुकम्मा राज्याचे सण केले. हैदराबादच्या एलबी स्टेडियमवर सरकारने इफ्तारही दिला आणि नाताळचं जेवणही. मला ही रीत आवडते. मात्र सरकार सगळ्यांच्या दारी जाणार असेल तर परवानगीचा नियमही सगळ्यांना एकच हवा.

हैदराबादच्या मराठी घरांना परवानगीच्या या प्रश्नाची जाण अधिक असायला हवी. निजामाच्या राज्यात देऊळ बांधायला, नुसतं दुरुस्त करायलाही ‘उमूर-ए-मजहबी’ या धार्मिक बाबींच्या खात्याची परवानगी काढावी लागे. सभांवर गश्ती क्रमांक 53 या सरकारी परिपत्रकाची टांगती तलवार. डिसेंबर 1938 मध्ये सोलापूरला लोकनायक अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य समाजाची आर्य परिषद भरली, त्यातून सत्याग्रह उभा राहिला आणि ऑगस्ट 1939 पर्यंत चालला. मराठवाड्यातली कितीतरी माणसं तुरुंगात गेली. आपल्या पूजेत राज्याने आडवं येऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. ज्यांच्या आजोबांना त्या खात्याच्या दारात ताटकळावं लागलं, त्यांनी आज संख्येच्या जोरावर दुसऱ्याला ताटकळत ठेवणं मला पटत नाही. निजामाने आमच्याशी तसं केलं म्हणून आम्ही असं करतो, हा युक्तिवाद मी ऐकला आहे. त्या सत्याग्रहींचा याहून मोठा अपमान कोणता?

अलीकडे तर दुसऱ्यांनीच आपल्यासाठी वाट मोकळी केली. 28 सप्टेंबर 2023 ला अनंत चतुर्दशी आणि मिलाद-उन-नबी एकाच दिवशी आले. हैदराबादच्या मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस 1 ऑक्टोबरवर नेला. पुढच्या दोन्ही वर्षी तारखा पुन्हा खेटून आल्या, तेव्हाही जुलूसच पुढे गेला. वर्षभर वाट पाहिलेला दिवस आपणहून पुढे ढकलणं सोपं नसतं. तरुण पोरांना समजावताना त्यांच्या वडीलधाऱ्यांची काय तारांबळ उडाली असेल! त्यांचे आभार आपण चौकात, माईकवरून मानायला हवे होते. ते या पानावरून मानतो. तिथी हलवता येत नाही हे खरं, पण मिरवणुकीची वेळ हलते, वाट हलते, मशिदीसमोर ढोल थांबवता येतात.

2026 मध्ये अधिक महिन्यामुळे गणपती सप्टेंबरच्या मध्यावर येतील आणि मिलाद ऑगस्टअखेर होऊन जाईल. घाईगर्दीविना बोलायला वर्ष मोकळं आहे. माझी आपल्या मंडळांना विनंती अशी: पोलिसांकडे अर्ज करण्याआधी गल्लीतल्या दवाखान्याला, वसतिगृहाला, किराणावाल्याला, मशिदीच्या कमिटीला विचारा. रुग्णवाहिका जाईल एवढी वाट सोडून मगच मंडपाची आखणी करा. मूर्तीची उंची ठरवताना वरची तार आधी मोजा. आणि बांबू डांबरात न रोवता वाळू भरलेल्या पिंपांत उभे करा.