तूक आणि बोज्जु

मराठीत आपण सरसकट म्हणतो, "वजन कमी करायचंय." आमच्या घरी अर्धं बोलणं कानडीतून चालतं, आणि कानडीत या एका इच्छेची दोन वाक्यं होतात. 'तूक इळिसबेकु' म्हणजे वजन उतरवायचंय आणि 'बोज्जु करगिसबेकु' म्हणजे चरबी वितळवायची आहे. तूक काट्यावर दिसतं, बोज्जु पोटावर. (तिसरा शब्द 'कोब्बु'. त्याचा अर्थ चरबी आणि माज दोन्ही. 'अंगावर चरबी चढलीय' म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही!) जिममध्ये पाऊल टाकण्याआधी आपल्याला तूक उतरवायचं आहे की बोज्जु, एवढं ठरवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

या दोहोंत किती फरक असतो, याचा एक गाजलेला दाखला पुण्याचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे उंचीच्या मानाने वजन तंतोतंत बरोबरीचं. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! काटा दोघांना एकाच रांगेत बसवत होता. आपल्याकडच्या हडकुळ्या हातापायांच्या आणि गोल पोटाच्या माणसांना तरुण वयात साखर का धरते, त्याचं पुष्कळसं उत्तर या फोटोत आहे.

हे सगळं आज लिहायचं कारण असं की, गेल्या दोन महिन्यांत स्टाफरूममधल्या चौघीजणींनी आणि दोन सरांनी मला एकच प्रश्न विचारला. "मॅडम, तुम्ही वजनं उचलता ना? बोज्जु कमी करायला नवख्या माणसानं कुठला चार्ट घ्यावा?" मी मराठी शिकवते, शरीरशास्त्र नव्हे. पण गेल्या वर्षी माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.० आली. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. तेव्हा नोट्स काढायची सवय असलेल्या बाईने जे करायचं तेच मी केलं. हाताला लागले ते सगळे चार्ट गोळा केले आणि वाचत बसले.

पहिला चार्ट जिममध्येच मिळाला, छापील, सहा दिवसांचा. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी दंड, शुक्रवारी पाय आणि शनिवारी पोट. बेळगावला शरीरसौष्ठवाची परंपरा मोठी. चौकाचौकात स्पर्धेचे फलक लागतात, आणि त्या मुलांच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. पण हा चार्ट त्यांचा आहे, ज्यांचा दिवसच व्यायामाभोवती फिरतो त्यांचा. आपला शुक्रवार घरच्या पूजेत किंवा परीक्षेच्या सुपरव्हिजनमध्ये गेला, की पायांची पाळी थेट पुढच्या शुक्रवारी. एक आठवडा चुकला की पायांना पंधरा दिवस सुट्टी. शिवाय नवख्या माणसाला वजन उचलायची रीतच शिकायची असते. आठवड्यातून एकदा केलेली गोष्ट अंगवळणी पडत नाही. सायकल शिकणाऱ्या मुलाला आपण दर शुक्रवारीच सायकल देत नाही.

दुसरा चार्ट 'फॅट बर्निंग'चा. मोठ्या आवाजात गाणी, हलकी डंबेल्स, एकेक प्रकार तीस-चाळीस वेळा, मध्ये उड्या, आणि तासाभरात ओढणी पिळावी इतका घाम. मजा येते, तब्येतीला वाईटही नाही. पण घाम म्हणजे पाणी. दोन तांबे पाणी प्यायलं की ते परत येतं. आणि चाळीस वेळा सहज उचलता येतं ते वजन स्नायूला फारसं काही सांगत नाही.

इथे थोडं अंकगणित करू. सत्तर किलोच्या माणसाने मध्ये मध्ये विश्रांती घेत तासभर वजनं उचलली, तर साधारण अडीचशे कॅलरी खर्च होतात. पंचेचाळीस ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांतही तेवढ्याच असतात. म्हणजे सगळी मेहनत टीव्हीसमोर दहा मिनिटांत परत! उलट एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. ती जिममध्ये जाळून संपवू म्हणणं म्हणजे राकसकोपचं धरण तांब्याने उपसण्यासारखं आहे. चरबी उतरते ती ताटातून. रोज गरजेपेक्षा चारशेच्या आसपास कॅलरी कमी खाल्ल्या, तर महिन्याला दीड किलो. याहून घाई करू नये.

मग वजनं उचलायचीच कशाला? स्टाफरूममधल्या एका सरांनी हाच प्रश्न विचारला, आणि तो बरोबर आहे. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं, तर उतरलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो. त्यात स्नायूही जातो. २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागलेल्या आठवड्याच्या इंजेक्शनांनी भूक मारून वजन उतरवलं, तरी तेच. शरीर काटकसरीला बसलं की वापरात नसलेली वस्तू आधी मोडीत काढतं. 'हा स्नायू वापरात आहे, याला हात लावू नकोस,' असं शरीराला सांगायचा मार्ग म्हणजे त्याच्याकडून जड काम करून घेणं. जेवणानंतर रक्तात येणारी साखर ठेवायचं सगळ्यात मोठं कोठारही स्नायूच आहे. साखर उंबरठ्यावर असलेल्या माणसाने कोठार पाडून घर हलकं करण्यात काय अर्थ?

माझ्या वडिलांना बावीस वर्षं मधुमेह होता. शेवटच्या दोन वर्षांत त्यांचं वजन भराभर उतरलं. भेटायला येणारे कौतुकाने म्हणायचे, "अण्णा, बारीक झालात, बरं दिसतंय." पोट होतं तिथेच होतं. गेल्या होत्या त्या मांड्या. पाटावरून उठताना ते माझ्याकडे बघून नुसता हात पुढे करायचे, बोलायचे नाहीत. आयुष्यभर कुणाकडे काही न मागितलेला माणूस. काट्यावरचा उतरता आकडा मी तेव्हापासून कौतुकाने बघत नाही.

तिसरा चार्ट सगळ्यात साधा. आठवड्यातून तीनच दिवस, एकाआड एक. दर वेळी सगळं शरीर. मोजकेच चार-पाच प्रकार, आणि जमेल तसं दर खेपेला थोडं वजन वाढवायचं. ही रीत नवी नाही. अमेरिकेत बिल स्टारने १९७६ साली फुटबॉल खेळाडूंसाठी ती लिहिली, आणि २००५ साली मार्क रिपटोच्या 'स्टार्टिंग स्ट्रेंग्थ' या पुस्तकाने ती नवख्यांमध्ये जगभर पोचवली. नवख्याला तिचा फायदा सर्वांत जास्त, कारण नवखा माणूस दर आठवड्याला सुधारू शकतो. मी निवडला तो हाच.

मात्र जसाच्या तसा नाही. हे चार्ट मुळात अंगावर मांस चढवू पाहणाऱ्या तरुण पोरांसाठी आहेत. हडकुळ्या मुलांना तर रिपटो दिवसाला गॅलनभर, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास दूध प्यायला सांगतो! खाणं कमी केलेल्या चाळिशीच्या माणसाचं शरीर तेवढ्या वेगाने भरून येत नाही. म्हणून मी पाच-पाचऐवजी आठ ते बाराची मोजणी धरली, प्रत्येक प्रकाराच्या दोन किंवा तीन फेऱ्या, आणि 'अजून दोनदा जमलं असतं' असं वाटलं की थांबायचं. बारा नीट झाले की पुढच्या वेळी वजन वाढवायचं, शक्य तितकं थोडं. जिममधला मोठा रॉडच वीस किलोचा असतो, त्यामुळे पहिले दोन महिने डंबेल्सच. प्रकार असे: डंबेल छातीशी धरून बैठक, जमिनीवरून वजन उचलणं, काहीतरी ढकलणं (बाकावर झोपून किंवा डोक्यावर), काहीतरी ओढणं (पुलडाऊन किंवा रोइंग), आणि शेवटी दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. शेवटचा प्रकार आपल्या बायकांना शिकवावा लागत नाही, बाजाराच्या पिशव्यांनी तो कधीच शिकवलाय. आणि एक वही. आज किती किलो, किती वेळा. ट्रेनर बदलतात, वही बदलत नाही.

आमच्या अत्तेंना हे कळलं तेव्हा त्या घाबऱ्या झाल्या. "भार एत्तबेडव्वा," ओझं उचलू नकोस गं बाई. मी हसून विचारलं, "अत्ते, तुम्ही विहिरीवरून एक कोडा डोक्यावर नि एक कमरेवर आणत होता, तो पंधरा लिटरचा कोडा भार नव्हता का?" त्यांच्या भीतीत अगदीच तथ्य नाही असं नाही. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, हर्निया असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनीही, कारण व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते.

मैत्रिणींची भीती वेगळी, "अंग पुरुषी होईल." मीराबाई चानूने २०२१ मध्ये टोकियोत ४९ किलो गटात रौप्यपदक मिळवलं, तेव्हा तिने डोक्यावर ११५ किलो पेललं होतं. पुरुषांचंही बघा. ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या शेजारच्या सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो गटात रौप्य घेऊन गेला, आणि त्याच दिवशी कुंदापूरकडचा गुरुराज पुजारी ६१ किलो गटात कांस्य. आमच्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही बाजूंना त्या दिवशी टाळ्या वाजवता आल्या. ५५ किलोचा मुलगा १३५ किलो डोक्यावर नेतो. ताकद आणि आडवं अंग हे एकच असतं तर हे जमलंच नसतं.

खाण्याबद्दल थोडं. तालमीतल्या, आमच्या कानडीत गरडी मनेतल्या, पैलवानाचं दूध-तूप-बदाम आपण फार लवकर उचलतो आणि त्याच्या हजार बैठका तिथेच ठेवून येतो. बोज्जु कमी करणाऱ्याला प्रथिनं जास्त हवीत, तूप नव्हे. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं आहेत. खाणं कमी करून वजनं उचलणाऱ्याने १.२ ते १.६ पर्यंत जावं, मात्र मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. आमच्या घरात अंडंही चालत नाही. म्हणून मी जोंधळ्याची एक भाकरी कमी केली आणि काळुपल्या दुप्पट केली. मटकी, मसूर, हरभरे आलटून पालटून. वाटीभर घट्ट दही, कधी पनीर, आणि आठवड्यातून तीनदा पन्नास ग्रॅम सोयावड्या. त्यांतच पंचवीस-सव्वीस ग्रॅम प्रथिनं मिळतात. शेंगाचटणी मात्र चमच्याने मोजून. लोक तिला प्रथिनांच्या नावाखाली वाढून घेतात, पण तिच्यात निम्मं तेल असतं. हे लिहिताना अत्ते वाचणार नाहीत अशी आशा आहे!

मोजायचं कशाने? शिंप्याच्या फितीने. आपल्याकडच्या बायकांनी कंबर ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावी, पुरुषांनी ९० च्या. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे काटा हलत नाही, कधी अर्धा किलो वरही जातो, कारण कामाला लागलेले स्नायू पाणी धरून ठेवतात. पुष्कळजण नेमके तेव्हाच जिम सोडतात. माझे पाच महिन्यांचे आकडे सांगते. वजन ६८ चं ६४.५, कंबर ९१ ची ८४. साडेतीन किलो ऐकून समोरचा "एवढंच?" म्हणतो. पण पहिल्या दिवशी पाच किलोचं डंबेल घेऊन बैठका मारताना भिंत शोधणारी मी आता जमिनीवरून ४५ किलो आठ वेळा उचलते. ८० गाठायला अजून वेळ आहे.

जिमची वार्षिक फी भरण्याआधी ट्रेनरला दोन-तीन गोष्टी विचारा. हा चार्ट आठवड्यातून तीन दिवस आलो तर चालेल का? पाय आठवड्यातून किती वेळा येतात? वजन कधी आणि किती वाढवायचं? आणि सव्वा-दीड किलोच्या लहान प्लेटा आहेत का? "रोज या मॅडम, घाम काढू," एवढंच उत्तर आलं, तर दुसरी जिम बघा. एकदा चार्ट धरला की निदान तीन महिने तो बदलू नका; दोन-तीन आठवडे वहीतला आकडा अडून राहिला तर आधी झोप आणि ताट तपासा.

मार्च-एप्रिलमध्ये माझे पेपर तपासणीचे दिवस असतात, तीनदा जमणार नाही. त्यासाठी आधीच ठरवून ठेवलंय. दोन दिवस जायचं, फेऱ्या कमी करायच्या, वजन मात्र तेवढंच ठेवायचं. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शनही स्नायूंच्या व्यायामाला आठवड्यातून किमान दोनच दिवस मागतं.