वाट बंद केली म्हणून बाई सुरक्षित होत नाही

मानवी तस्करीविरोधी पोस्टर आपण सगळ्यांनी पाहिले आहे. एसटी स्टँडवर असते, रेल्वे स्टेशनवर असते, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवरही असते. त्यावर एक भेदरलेली मुलगी, मागे पुरुषाची काळी सावली आणि खाली सूचना: कुणाच्या भूलथापांना बळी पडू नका. सूचना चुकीची नाही. पण ती मुलगी घर का सोडते आहे, हे त्या पोस्टरवर कधीच लिहिलेले नसते. डोक्यावर कर्ज असते, नवरा मारतो, पोराची फी भरायची असते, गावात काम नसते. ही कारणे तशीच ठेवून तिला फक्त 'जाऊ नको' म्हणणे, म्हणजे ताप कशाने आला हे न तपासता थर्मामीटर लपवून ठेवण्यासारखे आहे.

आधी एक फरक स्पष्ट करू. स्थलांतर आणि तस्करी एक नव्हे. जबरदस्ती, फसवणूक, धाकदपटशा किंवा लाचारीचा फायदा घेऊन माणसाला शोषणासाठी नेणे म्हणजे तस्करी. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या करारात अशीच व्याख्या आहे आणि भारताने २०११ मध्ये त्याला मान्यता दिली. पोटासाठी गाव सोडणे हा मात्र गुन्हा नाही. आपल्या संविधानात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. कलम २३ माणसांच्या व्यापाराला आणि वेठबिगारीला बंदी घालते, तर कलम १९ देशात कुठेही जाण्याचा, राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क देते. आपल्या समाजाला हा दुसरा हक्क समजावून सांगण्याची गरज नाही. आपले आजोबा-पणजोबा गिरणीत, गोदीत, रेल्वेत आले तेव्हा गावकीची वेठ मागे टाकूनच आले. गाव सोडणे ही आपल्यासाठी अनेकदा सुटकाच होती. म्हणून तस्करी थांबवण्याच्या नावाखाली बाईचे जाणेच थांबवले जात असेल, तर प्रश्न विचारायला हवा.

परदेशी कामाला जाण्याचा आपला नियम पाहा. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा असतो. आखाती देशांसह अठरा देशांत कामाला जायचे तर त्यांना सरकारची परवानगी लागते. असा पासपोर्ट असलेल्या बाईचे वय तीस पूर्ण नसेल तर ती परवानगीच मिळत नाही. पुरुषाला अशी तिशीची अट नाही. बावीस वर्षांची पदवीधर मुलगी मात्र त्याच दुबईला बेलाशक जाऊ शकते. म्हणजे नियमाच्या चाळणीत कोण अडकते? जिची शाळा सुटली ती. आणि शाळा कुणाच्या मुलींची सुटते, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

अशा बंदीचे काय होते, हे शेजारच्या नेपाळने दाखवून दिले आहे. कुवेतमध्ये एका नेपाळी घरकामगार स्त्रीचा मृत्यू झाल्यावर १९९८ मध्ये नेपाळने स्त्रियांच्या आखातात जाण्यावर बंदी आणली. २०१२ मध्ये तीस वर्षांखालील स्त्रियांना तिथे घरकामाला जाण्यास मनाई केली. २०१७ मध्ये आखातातले घरकाम सगळ्याच वयाच्या स्त्रियांना बंद केले. बाया थांबल्या का? नाही. भारत-नेपाळ सीमा खुली आहे. त्या सीमा ओलांडून दिल्ली-मुंबईला आल्या आणि इथल्या विमानतळांवरून गेल्या. फरक इतकाच पडला की त्यांची नोंद कुठेच राहिली नाही, करारावर सही नाही, आणि दलालाचा दर वाढला. बंदी तस्कराला रोखण्यासाठी होती; तिने त्याला नवे गिऱ्हाईक मिळवून दिले.

परिचारिका म्हणून मला यातला आरोग्याचा भाग सर्वांत जास्त खुपतो. कुवेतहून परतलेल्या एका ताईंच्या हातावर इस्त्रीने भाजल्याची जुनी जखम होती. नीट उपचार न झाल्याने कातडी आखडून दोन बोटे वळत नव्हती. "तिथे दवाखान्यात का नाही गेलात?" असे विचारले, तर म्हणाल्या, "दवाखान्यात कार्ड मागतात, बाई. माझ्याकडे कुठलं कार्ड? मी तर फिरायला गेले होते." पर्यटक व्हिसावर नेलेल्या बाईचे हे असे असते. रीतसर परवानगी घेऊन ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा घ्यावाच लागतो. दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये. चोरवाटेने गेलेल्या बाईला हा विमा नाही. म्हणजे जिला सर्वांत जास्त गरज, तीच उघड्यावर.

जाण्यापूर्वी तिची वैद्यकीय तपासणी मात्र काटेकोर होते. छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गर्भ आहे की नाही. तपासणी वाईट नाही. पण ती कुणासाठी होते? मालकाला निरोगी मोलकरीण मिळावी म्हणून. 'अनफिट' शिक्का बसलेल्या बाईला टीबीचे किंवा एआरटीचे उपचार कुठे मोफत मिळतील, हे सांगण्याची जबाबदारीही त्या केंद्रावर हवी. आणि तिथे सोळा-सोळा तास राबून परतलेल्या बाईची पाठ, झोप, मन तपासणारी यंत्रणा तर इथे विमानतळावर किंवा गावात कुठेच नाही.

'सुटका' कार्यक्रमांचीही हीच गत आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वेश्यावस्तीतून चारशेहून अधिक मुली आणि स्त्रिया सोडवण्यात आल्या. त्यांतल्या पुष्कळ नेपाळच्या होत्या. एचआयव्हीच्या भीतीने त्यांना परत घेण्यास नेपाळ सरकार कचरले. त्या महिनोन्महिने अडकून पडल्या आणि अखेर तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी १२८ जणींना नेले. आज २०१७ च्या एचआयव्ही कायद्यामुळे संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. पण संमतीचा हा साधा नियम सुटकेला कुणी लावत नाही. आम्ही दवाखान्यात गळू फोडायचे तरी रुग्णाला विचारतो. पिटा कायद्यात मात्र सज्ञान बाईलाही एक ते तीन वर्षे सुधारगृहात ठेवण्याची तरतूद आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मालाडमधल्या कारवाईत ताब्यात घेतलेल्या तीन सज्ञान तरुणींना सोडण्याचा आदेश दिला. खालच्या न्यायालयाने त्यांना वर्षभर संस्थेत ठेवायला सांगितले होते. कारणांत असेही होते, की त्या बेडिया समाजाच्या आहेत, त्या समाजात मुली या व्यवसायात जाण्याची प्रथा आहे, म्हणून त्यांना आईच्या ताब्यात देणे योग्य नाही. म्हणजे जात पाहून आई नापास! उच्च न्यायालयाने कलम १९ चा आधार घेऊन सांगितले, की सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध असे डांबता येणार नाही. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सुधारगृहांची पाहणी करून मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांना सोडण्याचे निर्देश राज्यांना दिले.

कुणी म्हणेल, मग दलालांना मोकळे रान द्यायचे का? मुळीच नाही. आणि अठराखालच्या मुलीच्या बाबतीत तर संमतीचा प्रश्नच येत नाही. तिथे पोलिसांनी धावलेच पाहिजे. पण दलालाला रोखण्याचा दुसरा मार्ग आहे, आणि तो आमच्याच व्यवसायात वापरला गेला. आखातात नर्सची नोकरी लावतो म्हणून एजंट लाखो रुपये उकळू लागले, तेव्हा २०१५ मध्ये केंद्राने केरळच्या नोर्का, ओडेपेकसारख्या सरकारी संस्थांमार्फतच भरती सक्तीची केली. त्यातही अडचणी आल्या. पण परिचारिकेला कुणी 'तीस वर्षांची हो, मग जा' म्हटले नाही. वाट बंद न करता वाटेवरच्या लुटारूवर बंधन घातले. डिप्लोमा असलेल्या बाईला जो न्याय, तो धुणीभांडी करणाऱ्या बाईला का नाही?

म्हणून मागण्या साध्या आहेत. तिशीची अट काढा. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी नोंदणी आणि करार वाचून दाखवणारे केंद्र द्या. तपासणीला समुपदेशन जोडा. परतलेल्या बाईची मोफत आरोग्य तपासणी करा. कुणालाही सोडवताना आधी विचारा: बाई, तुला काय हवे आहे?

तोवर, तुमच्या वस्तीतून कुणी निघत असेल तर तिला 'जाऊ नको' म्हणून गप्प बसू नका. एजंट 'ई-मायग्रेट' पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते शिकलेल्या पोराकडून पाहून घ्या. नोंदणीकृत एजंटला तीस हजार रुपये आणि जीएसटी याहून जास्त फी घेता येत नाही. व्हिसा पर्यटकाचा आहे की कामाचा, हे वाचून घ्या. पासपोर्ट, व्हिसा, कराराच्या प्रती घरी ठेवा. बीपी, शुगरच्या गोळ्या चिठ्ठीसह द्या. देशातच अडचण आली तर ११२ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर तिला पाठ करून द्या. आणि ती परत आली, की किती पैसे आणले हे विचारण्याआधी तब्येत कशी आहे, ते विचारा.