टायरवरचे आकडे कोणी वाचायचे?

निडी हे पनवेल–रोहा लोहमार्गावरचे एक लहानसे स्थानक. नागोठणे मागे पडले की निडी येते आणि मग रोहा. या बाजूच्या खेड्यांत पूर्वी बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविण्याचे काम लोहार करीत असे. ते काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना एक गोष्ट आठवत असेल. लोहार धाव तापविण्याआधी लाकडी चाकाचा परीघ मोजून घेई आणि धाव त्यापेक्षा मुद्दाम किंचित लहान करी. चाक सव्वा मीटर व्यासाचे धरले तर त्याचा परीघ सुमारे ३.९ मीटर होतो. लोखंडाचे तापमान ५०० अंश सेल्सिअसने वाढविले तर एवढी धाव जवळजवळ अडीच सेंटिमीटर लांब होते. तापलेली धाव चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचे. आकसताना ती सगळ्या आऱ्यांना तुंब्याकडे घट्ट दाबून धरी. धाव मोठी झाली तर रस्त्यात निसटणार आणि फार लहान झाली तर चाकच तडकणार. प्रसरणांकाचे नाव लोहाराने ऐकले नसेल, पण मोजल्याशिवाय त्याने कधी धाव चढविली नाही.

आता याच भागातील एका दुकानात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. आमच्या ओळखीचा एक तरुण आपल्या लहान मोटारीला ‘स्पोर्ट्स कार’चा थाट आणण्यासाठी मिश्रधातूची मोठी चाके घेण्यास आला होता. खरी स्पोर्ट्स कार आपल्याकडे दुर्मीळच. म्हणून पुष्कळ जण साध्या मोटारीची चाके बदलून ती हौस भागवितात. त्यात गैर काही नाही. तरुणाने विचारले, “हे टायर चालतील का?” दुकानदाराने चाक लावून पाहिले आणि म्हणाला, “बसतंय ना? मग झालं तर!” दोघांपैकी एकानेही टायरच्या अंगावर ठसठशीत उमटविलेले आकडे वाचले नाहीत. तो तरुण दहावीला गणितात चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला होता, म्हणून मला याचे अधिक वाईट वाटले.

विद्यार्थी मित्रांनो, ते आकडे काय सांगतात ते आधी पाहू. समजा, टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिले आहे. पहिला आकडा टायरची रुंदी, १८५ मिलिमीटर. दुसरा आकडा शेकडेवारी आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल, टायरच्या आतील धागे ज्या पद्धतीने बसविलेले असतात तिचे नाव. शेवटचा आकडा ज्या रिमवर टायर बसतो तिचा व्यास, १५ इंच. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! मोजमापाच्या पद्धतींची अशी खिचडी दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल. पण ती जगभर रूढ झाली आहे, तेव्हा आपण ती समजून घ्यावी हे बरे.

या तीन आकड्यांवरून टायरचा बाहेरचा व्यास काढता येतो. रिमच्या वर एक भिंत आणि खाली एक भिंत, म्हणून भिंतीची उंची दोनदा मिळवावयाची. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात २४०.५ मिळविले की ६२१.५ मिलिमीटर. हा व्यास झाला. याला π ने गुणले की परीघ सुमारे १.९५ मीटर येतो, म्हणजे एक किलोमीटर जाण्यासाठी हे चाक सुमारे ५१२ वेळा फिरते.

ही संख्या महत्त्वाची का? मोटारीला रस्ता दिसत नाही. तिला फक्त चाकांचे फेरे कळतात. वेगदर्शक आणि अंतरदर्शक यांचे सारे हिशेब मूळ चाकाचा परीघ धरून केलेले असतात. त्या तरुणाला जे टायर दाखविले जात होते ते होते २०५/६५ आर १६. त्यांचा व्यास काढा: २६६.५ अधिक ४०६.४, म्हणजे ६७२.९ मिलिमीटर. मूळ चाकापेक्षा आठ टक्क्यांहून अधिक! हे चाक किलोमीटरला ४७३ फेरेच घेणार. काटा ताशी ८० किलोमीटर दाखवीत असेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८६ ते ८७ च्या वेगाने धावत असेल.

दुसरी गोष्ट काट्यावर दिसत नाही. ब्रेक चाकाला जे परिबल देतो ते तेवढेच राहते, पण चाकाची त्रिज्या वाढलेली असते. परिबल भागिले त्रिज्या म्हणजे रस्त्याच्या पृष्ठभागावर मिळणारे बल. तेव्हा पायाने पेडल पूर्वीइतकेच दाबले तरी गाडीला थांबविणारे बल सात-आठ टक्क्यांनी कमी मिळणार, आणि तेही वेग अधिक असताना. हाच नियम एंजिनालाही लागू आहे. पाच माणसे आणि सामान घेऊन सुकेळी खिंडीचा चढ चढताना गाडी दमल्यासारखी वाटू लागेल आणि दोष मात्र पेट्रोलला दिला जाईल.

मग मोठी रिम घालूच नये काय? तसे नाही. मोटारीचे कारखानेच एका नमुन्याच्या गाडीला वेगवेगळ्या रिम देतात. ते हे कसे साधतात, हे पाहण्यासारखे आहे. २०१८ साली आलेल्या मारुती स्विफ्टच्या स्वस्त प्रकारांना १६५/८० आर १४ टायर होते आणि महाग प्रकारांना १८५/६५ आर १५. पहिल्याचा व्यास ६१९.६ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ६२१.५. फरक दोन मिलिमीटरांचाही नाही! नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्र थारचे २०२० सालचे रूप घ्या. एका प्रकाराला २४५/७५ आर १६, दुसऱ्याला २५५/६५ आर १८. रिम दोन इंचांनी, म्हणजे जवळजवळ ५१ मिलिमीटरने वाढली, पण टायरचा व्यास ७७४ वरून ७८९ पर्यंतच गेला. फरक दोन टक्क्यांच्या आत. रिम वाढली की भिंत कमी करावयाची आणि बाहेरचा घेर राखावयाचा, हे सूत्र. १८५/६५ आर १५ वाल्या गाडीला १६ इंची रिमच हवी असेल तर १९५/५५ आर १६ चा हिशेब करून पाहा. उत्तर ६२०.९ येईल. मूळ व्यासापासून फार तर दोन-तीन टक्के एवढाच फरक सोसावा, असा कारागिरांचा संकेत आहे. माझ्या मते ब्रेकचा विचार करता वाढीच्या बाजूस तेवढाही नको.

व्यास जुळला म्हणजे सर्व जुळले असे मात्र समजू नका. रिमच्या आकड्यांनंतर आणखी एक संख्या आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ ८८ एच. ही संख्या म्हणजे किलोग्रॅम नव्हेत. तो भारांक आहे. कोष्टकात ८८ पुढे ५६० किलोग्रॅम लिहिलेले असतात. ‘एच’ म्हणजे हा टायर ताशी २१० किलोमीटर वेगापर्यंतचा. आता कोणी १७ इंचांच्या मोहाने २०५/४५ आर १७ घेतला, तर व्यास ६१६ मिलिमीटर, म्हणजे उत्तम जुळला. पण त्या मापाचे काही टायर ८४ भारांकाचे असतात, म्हणजे ५०० किलोग्रॅमचे. टायर रुंद झाला, दिसावयास भक्कम झाला आणि प्रत्येकी ६० किलोग्रॅम कमी उचलू लागला! यात जादू नाही. गाडीचा भार रबर उचलीत नाही, आत दाबून भरलेली हवा उचलते, आणि भिंत आखूड झाल्यामुळे हवेला जागा कमी झाली. गणपतीच्या आदल्या रात्री गावाकडे निघालेल्या गाडीत माणसे किती, पिशव्या किती आणि टपावर काय काय बांधलेले असते, ते कोकणवासीयांना सांगावयास नको.

रुंद टायर रस्ता घट्ट धरतो, हा समज सर्वांच्या मनात पक्का बसलेला आहे. येथे चौकस विद्यार्थ्याला एक शंका यावयास हवी. घर्षण हे स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असे आपण पाठ करतो. मग रुंदीने काय साधते? पहिली गोष्ट ही की, क्षेत्रफळ फारसे वाढतच नाही. एका चाकावर २५० किलोग्रॅम भार आणि टायरमध्ये चौरस सेंटिमीटरला २.३ किलोग्रॅम दाब असेल, तर रस्त्याला टेकलेला भाग सुमारे १०९ चौरस सेंटिमीटर असणार, म्हणजे साधारण तळहाताएवढा. टायर रुंद केला आणि दाब तोच ठेवला, तर हा तळहात आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो, एवढेच. दुसरी गोष्ट, पुस्तकातला नियम लाकडी ठोकळ्यासाठी ठीक आहे, पण रबर हा लवचीक पदार्थ तो नियम काटेकोरपणे पाळत नाही. वळणावर आडव्या ठशाचा लाभ होतो, हे खरे. पण तो कोरड्या आणि गुळगुळीत रस्त्यावर.

रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाणी साचलेल्या रस्त्यावर टायरला पुढचे पाणी बाजूला सारीत जावे लागते. टायर जितका रुंद तितके पाणी अधिक आणि ते बाजूला जाण्याचा मार्ग लांब. पाणी वेळेत हटले नाही तर टायर पाण्यावर तरंगू लागतो, आणि तळहाताएवढाही आधार उरत नाही. त्या क्षणी ब्रेक आणि सुकाणू दोन्ही निरर्थक होतात. म्हणून रुंदी एकदोन पायऱ्यांपेक्षा अधिक वाढवू नये आणि टायरच्या नक्षीची खोली वरचेवर पाहावी. कायद्याने मोटारीसाठी ही खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. आमच्या पावसात तेवढ्यावर विसंबणे मला तरी धाडसाचे वाटते.

आणि खड्डे! निडीहून नागोठण्याला आले की मुंबई–गोवा महामार्ग लागतो. २०११ साली त्याचे चौपदरीकरण हाती घेण्यात आले आणि ते वर्षानुवर्षे रखडले, हे येथील मुलांनाही ठाऊक आहे. १८५/६५ आर १५ च्या भिंतीची उंची १२० मिलिमीटर, तर २०५/४५ आर १७ ची अवघी ९२. खड्ड्याच्या काठावर टायर आपटतो तेव्हा ही भिंत दबून धक्का पिते. २८ मिलिमीटर कमी म्हणजे धातूची रिम खड्ड्याला तेवढी जवळ. रिम वाकते, टायरला फुगवटा येतो, आणि एखाद्या दिवशी वेगात असताना तो फुटतो. शिवाय मोठ्या रिमचे बरेचसे धातूचे वजन केंद्रापासून दूर जाते. जडत्व परिबल त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे पुढे शिकाल. असे चाक फिरविणे आणि थांबविणे दोन्ही जड.

“शर्यतीच्या गाड्यांना पण मोठी चाके असतात की!” असे मला त्या तरुणाने ऐकविले. २०२१ पर्यंत फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाड्या १३ इंची रिमवर धावत होत्या. त्या स्वस्त स्विफ्टच्या १४ इंचांपेक्षाही लहान! २०२२ पासून तेथे १८ इंची रिम आल्या, त्याही तुळतुळीत धावपट्टीवर आणि काही फेऱ्यांनंतर टायर बदलून देणाऱ्या पथकाच्या भरवशावर. नागोठण्याच्या नाक्यावर असे पथक मला अद्याप दिसलेले नाही.

रिम घेताना आणखी दोन मापे पाहावीत: नट-बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, आणि चाक आत-बाहेर किती सरकते ते अंतर. दुसरे चुकले तर सुकाणू पूर्ण वळविताच टायर मडगार्डला घासतो. कायद्याचे म्हणाल, तर मोटर वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली त्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा त्याच गाडीला कारखान्याने दिलेल्या पर्यायी मापाबाहेर जाऊ नये, हा माझा सल्ला. रायगडच्या एमएच ०६ गाड्यांची नोंदणी पेणला होते. शंका असेल तर तेथे विचारून यावे.

शिक्षक मित्रांनाही एक विनंती. वर्तुळाच्या धड्यात आपण अजून ७ ने भाग जाणाऱ्या व्यासाची चाके देतो, कारण २२/७ सोयीचे पडते. असे चाक कोणत्या वाहनाला असते, ते मला शोधून सापडले नाही. त्यापेक्षा एक तास शाळेच्या फाटकाबाहेर घ्या. एसटी, रिक्षा, गुरुजींची स्कूटर, जी मिळेल तिच्या टायरवरचे आकडे मुलांना वाचावयास सांगा. व्यास काढा, मग टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरा पुढे ढकला आणि टेपने अंतर मोजा. काढलेल्या उत्तरापेक्षा मोजलेले थोडे कमी भरेल, कारण भाराने टायर खाली दबलेला असतो. किती कमी, आणि हवा कमी केल्यास आणखी किती, हे मुलांनीच शोधावे.

त्या तरुणाने शेवटी १९५/५५ आर १६ घेतले, भारांक ८७. मूळ ८८ पेक्षा एकच पायरी कमी, म्हणजे ५४५ किलोग्रॅम. मी आणखी एक पायरी सुचवीत होतो, ती त्याने मानली नाही. डिकीतले पाचवे चाक मात्र पाहावयाचे राहिले होते. निडीच्या फलाटावरून जाणाऱ्या आगगाडीची दोन चाके एकाच आसाला घट्ट जोडलेली असतात, म्हणून त्यांचा व्यास अगदी सारखा राखतात. मोटारीत दोन चालक चाकांमध्ये भेददायी दातेरी चक्रे असतात, त्यामुळे वळणावर एक चाक अधिक फिरू शकते. पण एका बाजूला लहान व्यासाचे जादा चाक लावून सरळ रस्त्याने दूरवर गेलो, तर ती चक्रे सारा वेळ फिरत राहून झिजतात. आम्ही डिकी उघडून पाहिली. जादा टायर होता १६५/८० आर १४. व्यास ६१९.६, नव्याचा ६२०.९. पंक्चर झाल्यास गावापर्यंत पोहोचण्यास पुरेसा होता, फक्त त्यात हवा नव्हती.