कोऱ्या नोंदींचे मोल

व्यापारी घरात प्रत्येक नव्या खर्चाला एक प्रश्न ठरलेला असतो : यातून निष्पन्न काय होणार? प्रश्न गैर नाही. याच प्रश्नाने पिढ्यान्‌पिढ्या पेढ्या तगल्या. परंतु घरातला एखादा मुलगा किंवा एखादी सून गच्चीवर दुर्बीण मांडून रात्रीमागून रात्री एकाच अंधुक ठिपक्याची छायाचित्रे घेऊ लागते, तेव्हा या प्रश्नाला सरळ उत्तर सापडत नाही. दूरच्या दीर्घिकेच्या छायाचित्राला बाजारात गिऱ्हाईक नाही. त्याहून कितीतरी देखणी चित्रे अवकाशातल्या दुर्बिणींनी घेतली आहेत आणि ती कोणालाही फुकट पाहता येतात. मग झोप मोडून हा खटाटोप कशासाठी?

अर्जेंटिनात पाराना नदीच्या काठी रोसारिओ नावाचे मोठे शहर आहे. तेथे कुलपे दुरुस्त करण्याचा आणि किल्ल्या घडवण्याचा व्यवसाय करणारे विक्तोर बूसो हे गृहस्थ राहतात. खगोलशास्त्राची कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती, कोणत्याही वेधशाळेत ते नोकरीला नव्हते. दिवसा धंदा आणि रात्री आकाश, असा त्यांचा नेम होता. आपल्या घराच्या गच्चीवर त्यांनी छोटा घुमट उभारला आणि त्यात ४० सेंटिमीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण बसवली. भर वस्तीत, दिव्यांच्या झगमगाटात, कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकांची छायाचित्रे काढणे हा त्यांचा छंद होता.

शहरातून दीर्घिका टिपणे किती अवघड असते, हे समजून घेतल्याशिवाय या छंदाचे मोल कळत नाही. शहराचे दिवे फक्त रस्ता उजळत नाहीत. हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर पसरून ते सारे आकाशच धूसर करतात. दीर्घिकेचा प्रकाश मुळात इतका क्षीण की तो या धूसर उजेडात बुडून जातो. निर्मनुष्य डोंगरावर कॅमेऱ्याचा पडदा मिनिटेच्या मिनिटे उघडा ठेवता येतो. शहरात तसे केले तर दीर्घिकेआधी शहराचाच उजेड चित्र भरून टाकतो. म्हणून शहरातला आकाशनिरीक्षक एक लांब चित्र घेण्याऐवजी काही सेकंदांची शेकडो छोटी चित्रे घेतो आणि नंतर संगणकावर ती एकावर एक ठेवून त्यांची बेरीज करतो.

ही बेरीज व्यापाऱ्याला चटकन समजेल अशी आहे. दीर्घिकेचा प्रकाश प्रत्येक चित्रात त्याच जागी येतो, म्हणून तो नेमाने साचत जातो. चित्रातली खरखर मात्र कधी कमी, कधी जास्त, कधी इथे तर कधी तिथे असते. बेरजेत तिचा काही भाग परस्पर फिटतो. चित्रे चौपट घेतली की स्पष्टपणा दुप्पट होतो, शंभरपट घेतली की दहापट. थेंबाथेंबाने भांडे भरावे तसा हा संचय आहे. यात घाईला जागा नाही आणि एका रात्रीत श्रीमंतीही नाही.

दुसरी दक्षता त्याहून महत्त्वाची. कॅमेऱ्याच्या संवेदकात स्वतःचे खोटे ठिपके असतात. ते ओळखण्यासाठी दुर्बिणीच्या तोंडावर झाकण घालून, तेवढ्याच वेळाची आणि तेवढ्याच तापमानाला काळी चित्रे घेतात आणि मूळ चित्रांतून ती वजा करतात. माल तोलण्याआधी सचोटीचा दुकानदार तराजूचा पासंग पाहून घेतो, तशीच ही रीत. आकाशात काय दिसले हे सांगण्यापूर्वी आपल्या यंत्राचा दोष किती, याचा हिशेब आधी करायचा असतो.

२० सप्टेंबर २०१६. रोसारिओत मध्यरात्र उलटून गेली होती. बूसो त्या रात्री एक नवा कॅमेरा तपासून पाहत होते. कॅमेऱ्याची परीक्षा कोणत्याही दीर्घिकेवर घेता आली असती. त्यांनी शिल्पकार तारकासमूहातली ‘एनजीसी ६१३’ ही सर्पिल दीर्घिका निवडली. रोसारिओच्या आकाशात ती त्या सुमारास जवळजवळ डोक्यावर असते आणि तेथे वातावरणाचा अडथळा सर्वांत कमी. ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे ८ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्यातून निघालेला जो प्रकाश त्या रात्री बूसो यांच्या आरशावर पडत होता, तो निघाला तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर वावरत होते.

शहराच्या उजेडामुळे बूसो यांनी नेहमीप्रमाणे छोटी छोटी चित्रे घेतली. पहिल्या वीस मिनिटांत सुमारे चाळीस चित्रे झाली. त्यांत दीर्घिका होती, तिचा फिरता बाहू होता, बाकी विशेष काही नव्हते. पाऊण तासाच्या खंडानंतर त्यांनी पुन्हा चित्रे घेण्यास प्रारंभ केला. नवी चित्रे जुन्यांशी ताडून पाहताना दीर्घिकेच्या बाहूच्या टोकाकडे एक अगदी मंद ठिपका त्यांना दिसला. तो आधीच्या चित्रांत नव्हता. पुढच्या पुढच्या चित्रांत तो विझत नव्हता. उलट वाढत होता.

एका ताऱ्याचा स्फोट त्यांच्या डोळ्यांदेखत सुरू झाला होता. अशा स्फोटाला अतिनवतारा म्हणतात. प्रचंड ताऱ्याच्या गाभ्यातले इंधन संपले की तो गाभा स्वतःच्याच भाराने कोसळतो, आणि त्यातून उठलेली आघात-लहर ताऱ्याच्या पोटातून बाहेरच्या दिशेने धावत सुटते. ती पृष्ठभाग फोडून बाहेर येते त्या वेळी प्रकाशाचा पहिला झोत निघतो. असे घडत असणार, हे गणिताने आधीच सांगितले होते. परंतु कोणता तारा कधी फुटेल हे सांगता येत नाही आणि तो पहिला झोत फार अल्पकाळ टिकतो. म्हणून बहुतेक अतिनवतारे सापडतात ते स्फोटानंतर काही तासांनी वा दिवसांनी. घराला आग लागल्याचे धुरावरून कळावे, तसे. बूसो यांच्या हाती ठिणगी पडली त्या क्षणाची नोंद लागली. शोधानंतर अभ्यासकांनी अंदाज केला, की अशा योगाची शक्यता एक कोटीत एक, कदाचित त्याहूनही कमी.

येथे ‘नशीब’ हा शब्द सहज ओठांवर येतो. नशीब होतेच. पण शास्त्रज्ञांना त्या रात्रीच्या चित्रांत जे सापडले, ते ठिपका दिसणाऱ्या चित्रांपुरते नव्हते. ठिपका नसलेली ती पहिली चाळीस चित्रे तितकीच मोलाची ठरली. अमुक वेळेपर्यंत तेथे काही नव्हते, आणि अमुक वेळेनंतर होते, हे दोन्ही एकाच दुर्बिणीने, एकाच रात्री, वेळेसह नोंदवले होते. त्या ‘काही नाही’मुळे स्फोटाची वेळ नेमकी बांधता आली. आदल्या मालाची मोजदाद लिहून ठेवलेली नसेल तर नवी आवक किती हे कोणत्या वहीतून सिद्ध करणार? बूसो यांनी ती चित्रे रिकामी समजून पुसून टाकली असती, तर ठिपका उरला असता, पण त्याच्या जन्माची वेळ हरवली असती.

दुसरी गोष्ट वागणुकीची. ठिपका पाहताच बूसो यांनी तो दडवून ठेवला नाही आणि एकट्याच्या नावावर करण्याची वाटही पाहिली नाही. त्यांनी आपल्या परिचयातल्या दुसऱ्या हौशी निरीक्षकाला गाठले आणि त्याच्या साहाय्याने जगभरच्या खगोलनिरीक्षकांना वर्दी दिली. त्यानंतर कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळा आणि हवाईतील केक वेधशाळा येथल्या मोठ्या दुर्बिणी त्या ठिपक्याकडे वळल्या. अर्जेंटिनाच्याच ला प्लाता येथील खगोलभौतिकी संस्थेतल्या मेलिना बेर्स्तेन यांच्या नेतृत्वाखाली या साऱ्या नोंदींचा अभ्यास झाला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. लेखकांच्या यादीत रोसारिओच्या कुलूपवाल्याचेही नाव होते. तारा मुळात सूर्याच्या सुमारे वीस पट वस्तुमानाचा असावा, जोडीदार ताऱ्याकडे आपले बरेच द्रव्य गमावून बसला असावा आणि फुटताना तो सूर्याच्या पाचपट उरला असावा, असे त्या अभ्यासातून निघाले. या अतिनवताऱ्याला ‘एसएन २०१६ जीकेजी’ असे नाव मिळाले.

धंदा सांभाळून आकाश पाहणाऱ्यांची ही परंपरा आजची नाही. आयझॅक रॉबर्ट्स हे १८२९ मध्ये वेल्समध्ये जन्मले. पोरवयातच ते लिव्हरपूलच्या एका बांधकाम पेढीत उमेदवार म्हणून लागले आणि पुढे त्याच व्यवसायात त्यांनी चांगली संपत्ती मिळवली. त्या संपत्तीतून त्यांनी लिव्हरपूलजवळच्या मगल येथे आपल्या घराच्या आवारात २० इंच व्यासाची परावर्तक दुर्बीण उभारली. डिसेंबर १८८८ मध्ये त्यांनी काचेच्या पट्टीवर कित्येक तास प्रकाश साठवून देवयानी तारकासमूहातल्या त्या प्रसिद्ध धूसर मेघाचे छायाचित्र घेतले. त्यात प्रथमच त्या मेघाचे सर्पिल वळसे स्पष्ट उमटले. रॉबर्ट्स यांना वाटले, ही एक नवी सूर्यमाला घडते आहे. तो अर्थ चुकीचा ठरला. १९२३ मध्ये एडविन हबल यांनी याच मेघात एक विशिष्ट चंचल तारा शोधला आणि हा मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेपलीकडची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध केले. आज तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते.

रॉबर्ट्स यांचा अर्थ गेला, त्यांची नोंद मात्र आजही उभी आहे. जे दिसले ते त्यांनी तसेच टिपले. त्यात मनाजोगती भर घातली नाही. माणसाचे मत त्याच्या काळाचे असते. प्रामाणिक नोंद मात्र पुढच्या पिढीच्या उपयोगी पडते. चोख वही लिहिणाऱ्यांच्या घरात हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

मोठ्या वेधशाळा असताना घरगुती दुर्बिणीचे काय काम, अशी शंका उरते. मोठ्या दुर्बिणीवरचा वेळ वाटून दिलेला असतो. अभ्यासक आधी अर्ज करतो आणि मंजूर तासांत ठरलेले काम उरकतो. एकाच दीर्घिकेकडे विनाकारण तासभर पाहत बसण्याची मुभा तेथे नाही. ती मुभा गच्चीवरच्या माणसाला आहे. त्याचा वेळ त्याचा स्वतःचा, आणि त्याचे चित्र फसले तरी कोणाचे देणे लागत नाही.

महाराष्ट्रात या वाटेने जाण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना मार्ग दाखवीत आली आहे. पावसाळ्याचे महिने आपल्याकडे आकाश झाकलेले असते. दिवाळीच्या सुमारास ते निवळते आणि नेमकी तेव्हाच रात्रीच्या पहिल्या प्रहरी देवयानी दीर्घिका उंच येते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांत संध्याकाळ तशीही लवकर मोकळी होते. आरंभी दुर्बीणही लागत नाही. अमावास्येच्या आसपासची रात्र, तिपाईवर घट्ट बसवलेला साधा कॅमेरा, सात-आठ सेकंदांची पन्नास-शंभर चित्रे आणि झाकण घालून घेतलेली काही काळी चित्रे, एवढ्यावर देवयानीचा लंबगोल डाग उपनगरातूनही उमटवता येतो. दुर्बिणीचा खर्च तो डाग पाहून मगच ठरवावा; छंद टिकतो की नाही, हे तोवर कळलेले असते.

निष्पन्न काय होणार, या प्रश्नाचे उत्तर तरीही कोणी हमीने देऊ शकणार नाही. शंभरातल्या शंभर निरीक्षकांना आयुष्यभरात एकही अतिनवतारा उगवताना दिसणार नाही, आणि त्यांच्या चित्रांवर रोज तीच नोंद राहील : आज नवे काही नाही. ती नोंद तारखेसह, वेळेसह, पासंग काढून लिहिली गेली असेल, तर ती वाया गेलेली नाही. उद्या कोणाला ती लागेल हे आज ठाऊक नसते. म्हणूनच मुलाने गच्चीची किल्ली मागितली, तर घरातल्या थोरांनी त्याच्या हाती किल्लीबरोबर एक कोरी वहीही द्यावी.